लेबलाजवळचा शेवटचा इंच

१९ ऑगस्ट १९६५. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमलेला. संचालनाला सर जॉन बार्बिरोली आणि त्याच्या शेजारी चेलो घेऊन बसलेली वीस वर्षांची जॅकलिन द्यु प्रे. एडवर्ड एल्गरचा चेलो कंचेर्टो त्या दिवशी टेपवर उतरला. एचएमव्हीनं तो एएसडी ६५५ या क्रमांकानं बाजारात आणला आणि तेव्हापासून तो कुठल्या ना कुठल्या रूपात विकला जातोच आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्या माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाकडे ही रेकॉर्ड आहे. काहींकडे दोन आहेत, तीन आहेत. त्या का आहेत, हाच या लेखाचा विषय.

टेप एकच असली तरी तिच्यावरून नव्यानं तबकडी कापली की आवाज बदलतो. चेलो कधी पुढे येतो, कधी मागे सरतो. गज तारेवर टेकतानाचा खरखरीतपणा एका प्रतीत अंगावर येतो, दुसरीत कुणी हात फिरवून गुळगुळीत केल्यासारखा वाटतो. हे मनाचे खेळ नाहीत. प्रत्येक प्रतीमागे कापणाऱ्या तंत्रज्ञाचा निर्णय असतो, कारखान्यातला साचा असतो आणि ती रेकॉर्ड पूर्वी ज्याच्या घरी वाजली त्याची सुईसुद्धा असते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून ऐकता येतात. त्या तशा ऐकल्याशिवाय ‘पहिलं प्रेसिंग’ या दोन शब्दांवर पैसे टाकू नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी रचनेविषयी. एल्गरनं हा कंचेर्टो १९१९ साली पुरा केला, ससेक्समधल्या ब्रिंकवेल्स नावाच्या झाडीतल्या घरी. महायुद्ध चालू असताना त्याच घरात रात्री समुद्रापलीकडच्या फ्रान्समधल्या तोफा ऐकू येत. २७ ऑक्टोबर १९१९ रोजी क्वीन्स हॉलमध्ये फेलिक्स सॅमंडनं तो पहिल्यांदा वाजवला, संचालन खुद्द एल्गरचं होतं, आणि तो प्रयोग फसला. त्याच कार्यक्रमातल्या इतर रचनांचा संचालक अल्बर्ट कोट्स यानं तालमीचा बराचसा वेळ स्वतःच वापरून टाकला होता. त्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रातल्या चेलोवादकांच्या रांगेत एकोणीस वर्षांचा एक पोरगा बसला होता. तोच बार्बिरोली. पुढे त्यानं स्वतःही हा कंचेर्टो एकल वादक म्हणून वाजवला. शेहेचाळीस वर्षांनी किंग्जवे हॉलमध्ये त्यानं छडी उचलली, तेव्हा ही रचना त्याच्या अंगात मुरलेली होती. द्यु प्रे हिनंही रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये सतराव्या वर्षी हीच रचना वाजवून लंडनला थक्क केलं होतं. पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९७३ साली मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं, वादन थांबलं, आणि १९८७ साली बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. मुंबईकर झुबिन मेहता तिच्या अगदी जवळच्या मित्रमंडळातले. १९६९ साली लंडनमध्ये शूबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाचं जे चित्रीकरण झालं, त्यात तिच्याबरोबर डबल बास घेऊन उभे आहेत ते मेहताच.

हा दुःखद शेवट आपल्या कानात आधीच बसलेला असतो, म्हणून ही रेकॉर्ड ऐकताना जास्त सावध राहावं लागतं. किंग्जवे हॉलमधल्या त्या दिवशी आजाराचा मागमूस नव्हता. तिथं होती ती तरुण मुलीची ताकद. चांगलं प्रेसिंग ही ताकद दाखवतं, वाईट प्रेसिंग नुसती हळहळ ऐकवतं.

हॉलबद्दलही सांगायला हवं. हॉलबर्नजवळचा किंग्जवे हॉल मेथडिस्ट पंथीयांच्या धर्मकार्यासाठी बांधलेला. तिथला आवाज इतका भरदार की एचएमव्ही आणि डेका या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या तिथं तारखा मिळवण्यासाठी धडपडत. एक मोठी अडचण होती. खालून भुयारी रेल्वे जायची. तिथल्या कित्येक ध्वनिमुद्रणांत शांत जागी एक खोल घरघर येते, ती आगगाडीची. खालचे स्वर पूर्ण ठेवणाऱ्या प्रेसिंगमध्ये ती ऐकू येते आणि खालचे स्वर छाटणाऱ्यात नाहीशी होते, म्हणून संग्राहक ती मुद्दाम शोधतात. तो हॉल आता उरलेला नाही.

आता रेकॉर्ड कशी होते ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टेप वाजवत तापवलेल्या टोकदार सुईनं लॅकरच्या चकतीवर खाच कापतात. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर चढवून निकेलचा उलटा साचा काढतात, तो फादर. फादरवरून सुलटी मदर आणि मदरवरून पुन्हा उलटे स्टॅम्पर. स्टॅम्परच्या जोडीत गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. स्टॅम्पर झिजतो. काहीशे ते हजारेक प्रती निघाल्या की तो बदलावा लागतो, म्हणून एका मदरवरून अनेक स्टॅम्पर काढतात.

या सगळ्या वंशावळीची नोंद रेकॉर्डवरच असते. माटुंग्याला राहणारे एक निवृत्त ध्वनी-अभियंता आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. नाव छापायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे. रेकॉर्ड हातात आली की ते लेबल बघतच नाहीत. टेबलावरच्या दिव्याखाली ती तिरकी धरतात आणि खाचा संपल्यावर लेबलाभोवती जी कोरी, चकचकीत पट्टी उरते तिच्यावर भिंग धरतात. एचएमव्ही ज्या कंपनीची छाप, त्या ईएमआयच्या इंग्लंडमधल्या हेझच्या कारखान्यात दाबलेल्या रेकॉर्डवर या पट्टीत घड्याळाच्या तीन जागी तीन खुणा असतात. सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक आणि त्याच्या शेवटी लॅकरचा आकडा, म्हणजे कापणी कितव्यांदा झाली ते. नवाच्या जागी मदरचा आकडा. तिनाच्या जागी बारीक अक्षरं, ती स्टॅम्परची. अक्षरांची किल्ली कंपनीच्या ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावात आहे. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी शून्य. तिनाच्या जागी ‘जीओ’ दिसलं तर तो पंधरावा स्टॅम्पर. नुसता ‘जी’ असेल तर त्या मदरवरून निघालेला पहिला.

“काका, म्हणजे लेबलापेक्षा हे खरं?” मी विचारलं.

“लेबल छापखान्यात होतं रे. आवाज इथं होतो,” पट्टीवर बोट न टेकवता ते म्हणाले. “जुनं लेबल संपलं म्हणून कारखाना नवं लेबल लावतो. खालचा साचा तोच असू शकतो.”

एएसडी मालिकेतल्या सुरुवातीच्या रेकॉर्डना पांढरं-सोनेरी लेबल होतं, पण एएसडी ६५५ निघाली तोवर ते मागे पडलं होतं. हिचं पहिलं लेबल लाल, वरच्या बाजूला अर्धवर्तुळात कुत्रा. साठीचं दशक संपता संपता त्या जागी टपाल तिकिटाएवढ्या चौकोनातला कुत्रा आला, आधी काळा-पांढरा, मग रंगीत. बाजारात अर्धवर्तुळाला चौकोनाच्या कितीतरी पट भाव मिळतो. काकांकडे दोन्ही आहेत. पट्टी वाचली तर दोन्हींवर लॅकरचा आकडा एकच. म्हणजे कापणी एक, कापणारा माणूस एक, फरक फक्त मदर-स्टॅम्परचा. संग्राहक ज्यांना दोन वेगळी प्रेसिंग समजून दोन वेगळ्या किमती मोजतात, त्यांचं मूळ एकच निघालं.

तरीही त्या दोन प्रती सारख्या वाजत नाहीत. का, हे समजून घ्यायचं तर या रेकॉर्डची सगळ्यात मोठी अडचण आधी समजली पाहिजे.

कंचेर्टो पुरता अर्ध्या तासाचा आहे आणि तो सगळा पहिल्या बाजूवर बसवला आहे. दुसऱ्या बाजूला जॅनेट बेकरनं गायलेली एल्गरची ‘सी पिक्चर्स’ आहेत, तिथं जागेची इतकी टंचाई नाही. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, तेव्हा अर्ध्या तासाचे झाले हजार फेरे. बाहेरच्या कडेपासून लेबलापर्यंत खाचांना मिळणारी पट्टी जास्तीत जास्त साडेआठ सेंटिमीटर. त्यात हजार फेरे दाटीवाटीनं बसवायचे. मोठा आवाज आणि खोल स्वर खाचेला रुंद वळण घ्यायला लावतात, म्हणून कापणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. सगळा आवाज थोडा खाली आणायचा, नाहीतर खालच्या स्वरांना कात्री लावायची. आवाज खाली आणला तर ऐकताना आपण तो वाढवतो आणि त्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही वाढते. स्वर कापले तर चेलोचं पोट जातं.

त्यात दुसरी अडचण. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते. लेबलापाशी येईतो ती एकवीस-बावीसवर येते. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबला जातो. सुईचं टोक आतल्या बारीक वळणांत नीट बसत नाही आणि मोठा आवाज फाटतो. आणि एल्गरनं सगळ्यात मोठं रडं ठेवलं आहे ते शेवटी. चौथ्या भागात ऑर्केस्ट्रा रुबाबात चाललेला असताना तो एकाएकी मंदावतो, चेलो वरच्या पट्टीत एकटा विव्हळू लागतो, तिसऱ्या भागातला सूर परत येतो आणि मग अगदी अखेरीस सुरुवातीचे चार आघात पुन्हा कोसळतात. ही सगळी जागा लेबलाजवळच्या शेवटच्या इंचात येते. म्हणून या रेकॉर्डचं प्रेसिंग जोखायचं असेल तर सुरुवात ऐकून काही कळत नाही. सुरुवात सगळ्या प्रतींत छान वाजते.

काकांची पद्धत कडक आहे. प्रत्येक प्रत आधी मशीनवर धुवायची. सुईचा भार काट्यावर तपासायचा. मग सगळ्या प्रतींचा आवाज मीटर लावून एका पातळीला आणायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जरा मोठं वाजणारं प्रेसिंग कानाला नेहमी चांगलंच वाटतं, आणि निम्मे वाद इथंच मिटतात. शेवटी त्यांच्या सूनबाई आमच्या पाठीमागे रेकॉर्ड लावतात. कुठली लावली ते सांगत नाहीत. आम्ही कागदावर लिहितो आणि पाकिटं मागाहून बघतो.

तीन जागा ठरवल्या होत्या. पहिली, पहिल्या भागातली चढण. व्हायोलांनी एकट्यानं गायलेली ती डुलणारी ओळ चेलो उचलतो, आणि मग खालच्या तारेवरून एका दमात चढत जाऊन वरच्या षड्जासारखा एक स्वर गाठतो. त्या क्षणी सगळा ऑर्केस्ट्रा उसळतो. दुसरी, दुसऱ्या भागातले उडत्या गजाचे झरझर स्वर. तिथं प्रत्येक स्वर सुटा ऐकू यायला हवा. तिसरी अर्थात शेवटचा इंच.

अर्धवर्तुळाची प्रत चढणीवर सगळ्यांना मागे टाकते, यात मला शंका नाही. १९६५ सालचं ईएमआयचं ध्वनिमुद्रण आणि त्या काळची कापणी, दोन्ही व्हॉल्व्हच्या यंत्रांवरची. चेलोचं लाकूड खोलीत उभं राहतं. चढणीच्या मध्यावर द्यु प्रे गज उलटवते तो क्षण दिसतो म्हटलं तरी चालेल, तार क्षणभर घोगरी होते आणि मग सुटते. पण शेवटच्या इंचात ही प्रत कोलमडते. आघातांच्या आधीची चेलोची आर्त ओळ फाटलेल्या कागदासारखी थरथरते. काळ्या-पांढऱ्या चौकोनाची प्रत तिथं स्वच्छ वाजते, आणि कापणी तर तीच आहे!

उत्तर काकांनी भिंगाखाली दाखवलं. अर्धवर्तुळाच्या प्रतीतल्या आतल्या खाचा राखाडी पडल्या आहेत. साठीच्या दशकातले घरगुती चेंजर, जड हाताचे, सिरॅमिक पिकअपचे. सुईवर भार आजच्या दुपटी-तिपटीचा आणि टोक झिजलेलं. अशी सुई सगळ्यात जास्त इजा करते ती आतल्या, मोठ्या आवाजाच्या वळणांना. रेकॉर्ड जितकी आवडती, तितकी तिची हीच जागा झिजलेली. सत्तरीच्या दशकात विकल्या गेलेल्या प्रतींना तोवर हलके टोनआर्म आणि चांगल्या सुया मिळाल्या होत्या. जुन्या प्रतींचा दोष कारखान्याचा नाही, त्या भरपूर प्रेमानं वाजवल्या गेल्या एवढंच.

रंगीत चौकोनाची प्रत पुन्हा कापलेली होती, पट्टीवर लॅकरचा आकडा मोठा. ट्रान्झिस्टरच्या यंत्रावरची ही कापणी असावी असं काकांचं अनुमान, मलाही पटलं. सगळं नेटकं आणि उडत्या गजाचे स्वर इथं सगळ्यात सुटे. चेलो मात्र एक पाऊल मागे गेलेला. तेलटंचाईच्या काळानंतर रेकॉर्ड पातळ झाल्या, ही प्रत हातात वाकते, पण आवाजाला त्याची झळ लागलेली नाही. वजनाचं स्तोम उगाच माजवलं गेलं आहे. जाड रेकॉर्ड सपाट राहायला मदत होते एवढंच, खाचेत जे कापलं नाही ते जाडीनं येत नाही.

अमेरिकेतल्या एंजल लेबलची प्रत मला आवडली नाही. व्हायोलिनं चरचरतात, ऑर्केस्ट्रा सपाट होतो. टेपच्या नकलेवरून तिकडं वेगळी कापणी करायची त्या काळची पद्धत होती, आणि नकलेची नक्कल ऐकू येते. जपानी प्रत शांततेत अजोड आहे, सुई टेकल्याचंही कळत नाही. पण चेलोच्या मधल्या स्वरांतलं मांस उतरलेलं. मोनो प्रत मात्र ऐकायला मिळाली तर सोडू नका. डावं-उजवं गेल्यावर द्यु प्रे आणि बार्बिरोली यांच्यातलं बोलणं जास्त ऐकू येतं. तो तिला कुठं थांबू देतो, कुठं हळूच पुढे ढकलतो, हे मला मोनोवरच पहिल्यांदा उमगलं.

शेवटी आत्ताची, १८० ग्रॅमची नवी प्रत. मूळ टेपचं उच्च दर्जाचं डिजिटल रूपांतर करून त्यावरून कापलेली. जुने संग्राहक डिजिटल म्हटलं की नाक मुरडतात. डोळे मिटून ऐकताना मात्र आमच्यापैकी दोघांनी शेवटच्या इंचासाठी हिलाच पहिला क्रमांक दिला. डबल बास कुठल्याही जुन्या प्रतीपेक्षा खोल जातात आणि अखेरचे आघात न फाटता कोसळतात. मला तिच्यात एक उणीव वाटते. दोन स्वरांमधल्या हॉलच्या हवेचा गारवा तिथं पुसट झाला आहे. ज्याच्याकडे धुण्याचं यंत्र नाही, जुन्या प्रती पारखायला वेळ नाही, त्यानं ही बेलाशक घ्यावी.

माझा कौल काळ्या-पांढऱ्या चौकोनाच्या कुत्र्याला. कापणी पहिली, वापर कमी, किंमत बेताची. अर्धवर्तुळ घ्यायचंच असेल तर दुकानदाराला सांगून शेवटची पाच मिनिटं वाजवून घ्या, नाहीतर किमान लेबलाजवळच्या खाचा उजेडात तिरक्या धरून बघा. काळ्याभोर दिसल्या तर घ्या, राखाडी दिसल्या तर ठेवून द्या, पाकीट कितीही कोरं असो. मुंबईत अशा रेकॉर्ड अजून निघतात. पारशी कुटुंबांची घरं रिकामी होतात तेव्हा त्या चोरबाजारात येतात. ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हापासून त्या शोधायला जास्त चालावं लागतं, इतकंच.

एक विनंती आपल्या संगीताबद्दल. हेझमधली अक्षरं वाचता येतात, कारण तिकडच्या हौशी माणसांनी पिढ्यानपिढ्या एकेका प्रतीची पट्टी उतरवून ठेवली. आपल्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबल्या गेल्या. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा-दरबारीची ईएएलपी १२५३ घ्या. ती ज्यांच्याकडे आहे अशा दोन मित्रांच्या प्रती शेजारी शेजारी ऐकल्या, तर मंद्रातला आवाज एकीत भरलेला आहे आणि दुसरीत पोकळ. कुठली कापणी कधीची, हे त्या पट्टीवरच्या खुणांतून लागू शकेल. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून जुन्या रेकॉर्डचा अभ्यास आणि नोंदी करत आली आहे, पण घरोघरच्या कपाटांपर्यंत एका संस्थेचा हात पोचणार नाही. तेव्हा या दिवाळीत कपाट आवरायला काढाल, तर आजोबांच्या रेकॉर्ड रद्दीवाल्याला देण्याआधी दिव्याखाली धरा. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर जे जे आकडे आणि अक्षरं दिसतील ती वहीत उतरवा, लेबलाचा रंग लिहा, शक्य असेल तर फोटो काढा, आणि ती वही जपून ठेवा.